वीतभर बुटका आणि न आटणारी लोकर

एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नाताळात ठेवायला विणून आटवलेला छोटा नोम, म्हणजे उंच टोपीचा दाढीवाला बुटका, करायला घेतला. कृती अमेरिकन, सुया तिच्यात सांगितल्याप्रमाणे दहा नंबरच्या, लोकर बर्डीच्या बाजारातून आणलेली लाल आणि राखाडी. विणून झाल्यावर गरम पाण्यातून मशीनमध्ये तीनदा फिरवला. आटायचं नाव नाही. उलट लुळा पडला, टोपी मान टाकते. चुकलं कुठे, आणि आपल्या नागपुरात हे नीट जमतं का?

जमतं. आणि ताई, तुमच्या विणण्यात काही खोट नाही. चूक पहिला टाका घालायच्या आधीच झाली आहे, तीही दोन ठिकाणी: लोकरीत आणि सुईच्या नंबरात. माझा पहिला बुटका मी अगदी असाच वाया घालवला होता, त्यामुळे लक्षणं ओळखीची आहेत.

आधी लोकरीचं बघू, कारण नव्वद टक्के काम तिथेच आहे. आपण मराठीत दोन अगदी वेगळ्या वस्तूंना लोकर म्हणतो. मेंढीच्या अंगावरून येते ती लोकर, आणि कारखान्यात बनतो तो अ‍ॅक्रेलिकचा धागाही लोकरच. दुकानात जाऊन नुसतं "लोकर दाखवा" म्हटलं की समोर येते ती बहुतेक वेळा दुसरी. मला एका दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "काकू, एकदम प्युअर आहे." खोटं बोलत नव्हता बिचारा. प्युअर अ‍ॅक्रेलिकच होतं ते.

फरक काय पडतो? लहान मुलीचे मोकळे केस चार दिवस विंचरले नाहीत की मानेजवळ जट बसते, ती ओढून सुटत नाही. आटवणं म्हणजे लोकरीला मुद्दाम बसवलेली जट. मेंढीच्या लोकरीच्या प्रत्येक तंतूवर बारीक खवले असतात, छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक, सगळे टोकाच्या दिशेने कललेले. गरम साबणाच्या पाण्यात तंतू फुगतो, खवले उचलले जातात, आणि चोळाचोळी झाली की तंतू एकाच दिशेने सरकत शेजारच्यात घुसतो. कौलांच्या उतारामुळे त्याला मागे येता येत नाही. असे हजारो तंतू एकमेकांत अडकले की विणलेलं कापड लहान होतं, जाड होतं, टाके दिसेनासे होतात आणि कात्री लावली तरी धागा उसवत नाही. काश्मीरचा किंवा राजस्थानातल्या टोंकचा नमदा, म्हणजे लोकरीचा जाड गालिचा, बनतो तो याच गुणावर, फक्त तिथे न विणता सुट्या लोकरीचाच थर जमवतात. अ‍ॅक्रेलिक गुळगुळीत, त्याला खवलेच नाहीत. त्याला गरम पाणी दिलं की ते नुसतं शिथिल होतं. तुमची टोपी लुळी पडली ती त्यामुळे. तीनदाच काय, तीस वेळा फिरवा, ती आटणार नाही.

म्हणून दुकानात जाताना काडेपेटी न्या. चार इंच धागा तोडून मागून घ्या, बाहेर येऊन चिमट्यात धरून पेटवा. खरी लोकर नाखुशीने जळते, ज्योत काढली की विझते, केस जळल्याचा वास येतो आणि काळी राख बोटांनी चुरडता येते. अ‍ॅक्रेलिक भडकतं, वितळतं आणि थंड झाल्यावर त्याचा टणक मणी होतो. वितळलेला थेंब हातावर पडला तर जबर भाजतं, तेवढं जपा. दुसरी परीक्षा मला जास्त आवडते, ती जरा ओंगळ आहे. धाग्याची दोन टोकं पिंजून एकमेकांवर ठेवायची, त्यांना चक्क थुंकी लावायची, आणि दोन्ही तळव्यांमध्ये ताक घुसळल्यासारखं जोरात मिनिटभर चोळायचं. टोकं एकजीव झाली आणि हलकं ओढून सुटली नाहीत, तर ती लोकर आटणार. घरी पाणी लावून करा, दुकानात मात्र थुंकीशिवाय इलाज नसतो.

ही दुसरी परीक्षा का लागते, तर शंभर टक्के मेंढीची असूनही न आटणारी लोकर असते. गुंडीवरच्या कागदी बँडवर मशीनमध्ये धुता येईल असं लिहिलेलं असतं, त्याला सुपरवॉश म्हणतात. तिचे खवले रसायनाने बोथट केलेले असतात आणि वर राळेसारखा पातळ थर दिलेला असतो. स्वेटरला ती उत्तम, आपल्या कामाला शून्य. आपल्याला हवी ती "फक्त हाताने, थंड पाण्यात धुवा" अशी धमकी देणारी लोकर. एरवी ज्या लेबलला आपण घाबरतो ते इथे बघून खूश व्हायचं. आणखी एक: ब्लीच केलेली पांढरीशुभ्र लोकर कधीकधी आळशीपणा करते, त्याच कंपनीची लाल मस्त आटते आणि पांढरी निम्मीच. प्रत्येक रंगाची वेगळी परीक्षा घ्या.

बर्डी, इतवारी, महाल या भागांत विचारत फिरलात तर अस्सल लोकर मिळते, फक्त "मेरिनो आहे का" किंवा "स्वेटरची नको, शुद्ध ऊन दाखवा" असं नेमकं विचारा. नाही मिळाली तर ऑनलाइन मागवा. पण त्याही आधी घरातली ट्रंक उघडा. नागपूर उन्हाच्या नावाने ओळखलं जातं खरं, पण २०१८ च्या डिसेंबरअखेर इथे पारा ३.५ अंशांवर उतरला होता. थंडी आपल्याला नवी नाही, आणि जुन्या घरांत सासऱ्यांचा एखादा खऱ्या लोकरीचा, बाहीला भोक पडलेला हातविणीचा स्वेटर सापडतोच. त्याची शिवण उसवून धागा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लड करा, कोमट पाण्यात बुडवून, खाली वाटीभर वजन बांधून वाळत टाका. कुरळेपणा गेला की नवी लोकर. माझे सगळ्यात देखणे राखाडी बुटके एका जुन्या कोटस्वेटरातून निघाले आहेत. कुणाचा ते सांगत नाही, घरात अजून त्याची चौकशी होते.

आता सुया. कृती अमेरिकन आहे म्हणालात, तिथेच पाय घसरला. अमेरिकेत नंबर वाढला की सुई जाड होते, तिथली दहा नंबर म्हणजे ६ मिमी. आपल्याकडे जुनी इंग्रजी पद्धत चालते, नंबर वाढला की सुई बारीक. आपली दहा नंबर म्हणजे फक्त ३.२५ मिमी. म्हणजे तुम्ही जवळजवळ निम्म्या जाडीच्या सुयांवर विणलंत. खरी लोकर असती तरीही अशा घट्ट विणीत तंतूंना सरकायला जागाच राहिली नसती. नंबर विसरा, मिलिमीटर बघा. मध्यम जाडीच्या लोकरीला, म्हणजे जिच्या बँडवर ४ मिमी सुई सुचवलेली असते तिला, ५.५ मिमी घ्या. आपल्या दुकानात ती पाच नंबरची.

इतक्या जाड सुयांवर विणलं की काम भयंकर दिसतं. जाळीसारखं, लेचंपेचं, टाक्यांतून पलीकडची भिंत दिसते. ज्यांचा हात वर्षानुवर्षं स्वेटरवर बसलाय त्यांना हे सहन होत नाही, त्या नकळत धागा आवळायला लागतात. आवळू नका. आपण इथे बाहुली विणत नाही, बाहुलीचा कच्चा माल विणतो. घडवायचं काम पाण्याचं.

पहिल्यांदा चौकोन. याला टाळाटाळ करणाऱ्या पुष्कळ बघितल्या, मीही त्यातलीच होते. २४ टाके घाला, एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा ३२ ओळी विणा, बंद करा. साधारण १५ सेंटीमीटर रुंद, साडेचौदा उंच भरेल. हा चौकोन पुढे सांगते तसा आटवा. चांगली लोकर रुंदीत पाचव्या हिश्शाच्या आसपास आणि उंचीत जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने कमी होते, म्हणजे १२ बाय १० च्या घरात येते. उंची जास्त आटते हे डोक्यात पक्कं बसवा, नाहीतर टोपी विणताना ती फारच लांब झाली म्हणून ओळी कमी कराल आणि शेवटी बुटक्याच्या डोक्यावर वाटी येईल. हा चौकोन फुकट जात नाही, त्यातूनच बुटक्याचा तळ कापायचा आहे.

माझं माप सांगते. दोन सरळ सुयांवर होतं, चार सुयांचा गोल कसरतीचा प्रकार नको.

अंगाला राखाडी रंगाचे ३६ टाके घाला. एक सुलट एक उलट करत २६ ओळी सरळ जा. मग सुलट बाजूने घट सुरू करा: चार टाके सुलट, दोन एकत्र, असं सहा वेळा, राहिले ३०. उलट ओळ साधी. पुढच्या सुलट ओळीत तीन सुलट, दोन एकत्र, २४ राहिले. मग दोन सुलट, दोन एकत्र, १८. मग एक सुलट, दोन एकत्र, १२. मग नुसते दोन-दोन एकत्र, ६. प्रत्येक घटीनंतर एक साधी उलट ओळ. धागा वीतभर ठेवून तोडा, सहाही टाक्यांतून ओवून आवळा आणि त्याच धाग्याने बाजूची शिवण घाला. शिवणही सैलच, त्याच लोकरीने. शिवणयंत्राचा दोरा वापरलात तर तो आटत नाही आणि शिवण पोत्यासारखी चुरमडते.

टोपीला लाल रंगाचे ४२ टाके. पहिल्या दोन ओळी दोन्ही बाजूंनी सुलट, म्हणजे कड वळणार नाही, मग नेहमीप्रमाणे आठव्या ओळीपर्यंत. नवव्या ओळीत पाच सुलट, दोन एकत्र, सहा वेळा, ३६ राहिले. पाच ओळी साध्या. मग चार सुलट, दोन एकत्र. पुन्हा पाच साध्या. असंच दर सहाव्या ओळीला सहा टाके घटवत ३०, २४, १८, १२ आणि शेवटी ६. ओवा, आवळा, शिवा. विणून होईल तेव्हा टोपी अठराएक सेंटीमीटर असेल आणि बुटक्याच्या मानाने अजागळ मोठी दिसेल. तशीच हवी. दोन्ही रंगांची पन्नास-पन्नास ग्रॅमची एकेक गुंडी चौकोनासकट पुरून उरते.

आटवायच्या आधी एक काम, जे बहुतेक कृतींत एका ओळीत उरकलेलं असतं आणि ज्याच्यावाचून टोपीची कड झालरीसारखी फाकते. अंगाच्या आणि टोपीच्या उघड्या कडेतून साधा सुती दोरा धावदोऱ्याने घाला, किंचित आवळून गाठ मारा. सुती दोरा लोकरीत अडकत नाही, नंतर ओढला की निघतो.

आता पाणी. आपल्याकडे घरोघरी दोन कप्प्यांची सेमी-ऑटोमॅटिक असते, ती या कामाला महागड्या मशीनपेक्षा सरस, कारण मध्येच झाकण उघडून बघता येतं. समोरून दार असलेल्या मशीनमध्ये एकदा फिरायला लागलं की आत काय चाललंय ते देव जाणे. अंग आणि टोपी उशीच्या जुन्या अभ्र्यात घालून तोंड बांधा, नाहीतर सुटलेली लव पाण्याच्या नळीत जाऊन बसते. लाल वेगळी, राखाडी वेगळी. मी एकदा घाईत दोन्ही एकत्र टाकली, आणि तो बुटका आजही गुलाबी पोटाने बसला आहे. सोबतीला जुनी जीन्स टाका, घासायला काहीतरी लागतं. टॉवेल नको, त्याचे धागे लोकरीत शिरतात ते वेचून वेचून जीव जातो.

पाणी इतकं गरम की हात घातला तर ठेववणार नाही, पण उकळतं नको, मशीनचं प्लॅस्टिक आहे ते. अंघोळीचा साबण किसून चमचाभर. जास्त फेस झाला तर कापडं एकमेकांवरून घसरतात, घासली जात नाहीत. डाग काढणारी एन्झाइमवाली पावडर टाळा. ती प्रथिनं खाते आणि लोकर म्हणजे प्रथिनच. रिठ्याचं विचाराल तर रिठा लोकर जपायला, स्वेटर धुवायला. इथे आपल्याला जपायचं नाही, बिघडवायचं आहे. बोअरिंगचं पाणी जड असेल तर साबण फुटतो आणि लोकरीवर पांढरा चिकट थर बसतो. अशा घरांत कन्हान-पेंचचं नळाचं पाणी बादलीभर बाजूला ठेवून तेच तापवा.

पाच मिनिटं फिरवा आणि काढून बघा. पहिल्या वेळी धक्का बसेल: टोपी लहान व्हायच्या ऐवजी लांब झालेली असते, भिजलेल्या मोज्यासारखी. हे बरोबर आहे. परत टाका. दहाएक मिनिटांनी पृष्ठभागावर धुकं धरल्यासारखी लव येते, टाके अजून दिसतात पण त्यांच्या कडा पुसट होतात. आता मात्र मशीनजवळून हलू नका. फोन आला तर वाजू द्या. यापुढे दर दोन मिनिटांनी बघायचं, कारण लोकर बराच वेळ काहीच करत नाही आणि मग तीन-चार मिनिटांत एकदम आवळते. प्रत्येक वेळी आत बोटं घालून पोकळी मोकळी करा, नाहीतर टोपीच्या समोरासमोरच्या बाजू एकमेकींना चिकटून बसतात. एकदा चिकटल्या की सुरीनेच कापाव्या लागतात. दोन्ही हातांनी ताणून उजेडासमोर धरा. टाक्यांमधून उजेड दिसेनासा झाला आणि कापड जाड पुठ्ठ्यासारखं वाटलं की झालं.

मशीन नसेल तर बादली, रबरी हातमोजे आणि कपडे धुवायची खरबरीत फरशी. गरम साबणात बुडवायचं, फरशीवर चोळायचं, मध्येच थंड पाण्यात टाकायचं, परत गरम. अर्ध्या-पाऊण तासाचं काम, खांदे भरून येतात, पण लगाम तुमच्या हातात राहतो. लहान बाहुलीला मी अजूनही हाच रस्ता धरते. मे महिन्यात तर दुपारी छतावरच्या टाकीचं पाणी आयतंच तापलेलं मिळतं, पण उन्हाळ्यात लोकर हातात धरायची इच्छा कुणाला होणार!

शेवटी थंड पाण्यात खळबळून साबण पूर्ण काढा. पिळू नका आणि सुकवायच्या कप्प्यात मुळीच टाकू नका, तिथे पडलेली घडी जन्माची. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. मग आकार द्या, ओलं आहे तोवरच. आटलेली ओली लोकर कणकेसारखी ऐकते, ओढाल तिकडे जाते, वाळली की हट्ट धरते. अंग स्टीलच्या छोट्या पेल्यावर चढवा. टोपीसाठी जाड कागदाचा कोन करून त्यावर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा, टोपी चढवा, टोक दोन बोटांनी वर ओढा, हवं तर थोडं वाकडं करा. डिसेंबरातल्या आपल्या कोरड्या हवेत दीड दिवसात वाळते. जुलैत तीन-चार दिवस लागतात आणि घरभर ओल्या मेंढीचा वास येतो. मी पावसाळ्यात हे काम धरतच नाही. नीट आटलेली टोपी आतून तारेशिवाय, कापसाशिवाय उभी राहते. तुमची पडत होती ना, तिथेच खरी परीक्षा.

तळासाठी चौकोनातून अंगाच्या तोंडाच्या मापाचा गोल कापा, साडेपाच सेंटीमीटर व्यासाच्या आसपास. कडेला ओवरलॉक नको, काही नको, उसवत नाही. भरताना खाली वजन हवं, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने बुटका लोळतो. बरेच लोक तांदूळ घालतात. घालू नका, आपल्याकडे दोन पावसाळ्यांत त्यात टोके, म्हणजे धान्यातले किडे, होतात आणि मग बुटका आतून चालायला लागतो. धुऊन उन्हात वाळवलेली वाळू तीन-चार चमचे, छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड मेणबत्तीवर चिकटवा. वर पिंजलेला कापूस. कापसाच्या मुलखात राहून सिंथेटिक फायबर विकत आणायचं मला जिवावर येतं, आणि ही बाहुली धुवायची नसल्यामुळे कापसाचे गोळे व्हायचा प्रश्नही नाही. पण थोडा थोडा पिंजून भरा, बचकभर कोंबलात की पोटाला आवाळू येतं.

नाकाला उरलेल्या लोकरीचे तुकडे पिंजून सुपारीएवढा गोळा करा, साबणाच्या गरम पाण्यात बुडवून तळहातांत फिरवा. आधी अगदी हलक्या हाताने, रव्याचा लाडू पहिल्यांदा वळतो तसा. सुरुवातीलाच दाबलं तर भेग पडते आणि ती भेग शेवटपर्यंत राहते. वर कातडी धरली की जोर लावा. दाढीची लोकर आटवायची नाही. पांढऱ्या लोकरीचे हातभर लांब धागे मधोमध बांधा, पीळ उलगडा आणि बारीक तारेच्या ब्रशने, कुत्र्या-मांजराला विंचरतात त्याने, वरून खाली विंचरा. निम्मी लोकर ब्रशमध्ये जाते, मन घट्ट करा. दाढी अंगाला टाचा, तिच्यावर मधोमध नाक शिवा, आणि टोपी नाकाला टेकेल इतकी खाली ओढून मागून चार टाके घाला. घरात तान्हं मूल असेल तर नाक दुहेरी दोऱ्याने शिवा, ते आधी तोंडात जातं.

डोळे काढायचेच नाहीत. पुष्कळ जणी शेवटी मोह होऊन मणी लावतात आणि सगळी मजा घालवतात. मुळात हा बुटका म्हणजे स्वीडनचा टोम्टे, नॉर्वे-डेन्मार्कचा निस्से: शेतावर, गोठ्यात राहणारा, गुराढोरांची राखण करणारा, सहसा न दिसणारा. नाताळच्या आदल्या रात्री त्याच्यासाठी लोणी घातलेल्या लापशीची वाटी ठेवतात, आणि ती विसरली तर तो रुसून खोड्या काढतो. आपल्या बांधावरच्या म्हसोबासारखंच, नैवेद्य चुकवायचा नाही. लाल टोपीचं त्याचं जे रूप आज सगळीकडे दिसतं, त्याला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येनी न्यूस्त्रोम या स्वीडिश चित्रकर्तीच्या चित्रांनी घट्ट केलं. गुरांचा राखणदार म्हणून मी माझा बुटका शोकेसमध्ये तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाशेजारी ठेवते. दोघांचं छान जमतं.

ठेवणीचं तेवढं सांगते. खऱ्या लोकरीला कसर लागते. जानेवारीत बुटके आवरताना ब्रशने झटका, दोन दिवस कडक उन्हात ठेवा, घट्ट झाकणाच्या डब्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवा. डांबराच्या गोळ्या चालतात, पण वर्षभर वास जात नाही. पावसाळ्यात एकदा डबा उघडून बघा. कसरीची शंका आली तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये. फ्रीझर उघडल्यावर घरच्यांची किंकाळी ऐकायची तयारी ठेवा.

तुमच्या अ‍ॅक्रेलिकच्या बुटक्याला टाकून देऊ नका. टोपीत जाड प्लॅस्टिकचा कोन घालून कड शिवून टाका, उभी राहील. आणि तो एक गोष्ट करू शकतो जी आटवलेला कधीच करणार नाही: त्याला बिनधास्त धुता येतं, म्हणून पोरांच्या हातात द्यायला तोच बरा. खऱ्या लोकरीचा धुतलात की आणखी आटतो. धूळ ब्रशने काढायची, डाग ओल्या फडक्याने टिपायचा, चोळायचा नाही. तेल-हळदीचा डाग मात्र निघत नाही. आमच्याकडे एका डिसेंबरात कुणीतरी तर्री-पोह्यांची बशी त्याच्यासमोर ठेवली, लापशीच्या ऐवजी म्हणून, आणि बशी उचलताना तर्री थेट पोटावर सांडली. त्या बुटक्याची दाढी बाकीच्यांपेक्षा चार बोटं लांब आहे.